मामांची शिवराई

आमच्या मामांइतका नजरेचा पक्का माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. हे वाक्य मी लग्नकार्यांत, बारशांत आणि बाराव्या-तेराव्याला जमलेल्या मंडळींत इतक्यांदा म्हटलं आहे की माझी मुलं ते माझ्याआधीच पूर्ण करतात. त्याच्या पुढचं वाक्य मात्र मी कधीच म्हटलं नाही. तिथवर आलो की मी प्यायला पाणी मागायचो, नाहीतर विषय बंद पडलेल्या गिरण्यांकडे न्यायचो. अशी पस्तीस-एक वर्षं मी काढली. आता माझं वय मामांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलं आहे, माझ्याही एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, आणि ज्यांच्यासमोर मान खाली घालायची ती माणसं एकेक करून निघून गेली आहेत. तेव्हा जे घडलं ते घडलं तसं लिहून ठेवतो.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा, माझे मामासासरे. मूळचे कुडाळकडचे. राहायला मुलुंड पूर्वेला, एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि नोकरीला गिरणीत, फोल्डिंग खात्यात. विणून आलेलं कापड टेबलावरून पुढे सरकत जायचं आणि मामा त्यातला दोष शोधायचे. कुठे धागा तुटलाय, कुठे वीण सैल पडलीय, कुठे तेलाचा डाग आहे. तीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांची नजर दोषाशिवाय कशावर टेकतच नसे. समोरचा माणूस मुलीच्या लग्नाचं सांगत असला तरी मामा त्याच्या शर्टाची वीण बघत असत. आमच्या लग्नाच्या बैठकीत मी आपली नोकरी आणि शिक्षण सांगत होतो, तेव्हा त्यांनी माझ्या बाहीचं कापड चिमटीत धरून भिंगातून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "दोन धागे सुटलेत, पण माल चांगला आहे." माझ्या सासऱ्यांनी तो माझ्याविषयीचा निकाल समजून तिथल्या तिथे सुपारी फोडली.

ते भिंग म्हणजे धागे मोजायचं पितळी भिंग. घडी घालून खिशात ठेवता यायचं. मामांनी ते सुतळीने बुशशर्टाच्या वरच्या बटणाला बांधलेलं असे. गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि मामांच्या हाती हे भिंग आणि दोष शोधायची सवय एवढंच उरलं. दुसरा एखादा माणूस अशा वेळी खचला असता. मामांनी ती सगळी नजर तांब्याच्या जुन्या नाण्यांकडे वळवली. नाद आधीपासूनच होता, आता त्याला सवड मिळाली. दर रविवारी सकाळी दहा वाजता गॅलरीत ऊन आलं की मामांचा दरबार भरायचा. कोणी मास्तर, कोणी बँकेतला कारकून, कोणी गिरणीतला जुना सोबती रुमालाच्या गाठीत बांधलेली शिवराई घेऊन यायचा. शिवराई म्हणजे शिवकाळापासून चालत आलेला तांब्याचा पैसा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपती', आणि भोवती ठिपक्यांचं कडं. पुढे पेशवाईतही तो पाडला गेला, आणि आमच्या काळात तर मुंबईत कुठेही ओतून मिळत होता. म्हणूनच मामांची गरज. मामा निकाल एका शब्दात द्यायचे. "पाडलेलं" म्हणजे ठशावर हातोडा मारून पाडलेलं, खरं. "ओतलेलं" म्हणजे साच्यात ओतलेलं, खोटं. आणि ठरत नसेल तर "पुन्हा या". या कामाचे ते काही घेत नसत. उलट चहा मामींना करावा लागे, आणि नाणं ओतलेलं निघालं तर चहाबरोबर सांत्वनाला खोबऱ्याची वडीही द्यावी लागे.

नाणं तपासताना मामा अंगात आल्यासारखे दिसत. आधी तळहातावर ठेवून डोळे मिटून वजन घ्यायचे. मग दोन बोटांत हलकं धरून काडीने टिचकी मारायचे आणि कान लावायचे. त्या वेळी खाली कोणी मोटारसायकल सुरू केली तर मामी गॅलरीतून वाकून त्याला थांब म्हणायच्या. मग वास. मग कड, साच्याची रेघ कुठे दिसते का, कानशीने घासलंय का. मग अक्षरं. नवशिके लोक पूर्ण अक्षरांचं, वाटोळं, देखणं नाणं घेऊन मोठ्या तोऱ्यात यायचे आणि मामा हातात घेण्याआधीच मान हलवायचे. "ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान," ते म्हणायचे, "घाईत मारलेला घाव. अर्धं अक्षर बाहेर जाणारच. सगळंच्या सगळं दिसलं की समजावं, कोणीतरी सावकाश बसून केलंय." आणि सगळ्यात शेवटी साय. तांब्यावर शेकडो वर्षांत जो काळपट, तपकिरी, कुठे हिरवा असा पातळ थर धरतो त्याला मामा साय म्हणत. ती अक्षरांच्या उंचवट्यावर पातळ असायला हवी आणि खोलगटात जाड. तिच्यावरून नख फिरवलं तर सुटता कामा नये. साय घालवली की नाणं गेलं, तो मग नुसता तांब्याचा तुकडा, असं त्यांचं मत होतं. नाणं धुणाऱ्या माणसाविषयी ते ज्या आवाजात बोलत त्या आवाजात मी त्यांना चोराविषयीही बोलताना ऐकलेलं नाही. एका भाबड्या गृहस्थाने मामांकडे न्यायची म्हणून आपली शिवराई लिंबाने लख्ख घासून आणली होती. मामांनी ती हातात घेतली नाही. आत जाऊन अंघोळीला बसले.

ही परीक्षा रविवारपुरती नव्हती. बसच्या कंडक्टरने दिलेलं सुटं नाणं ते भिंगाखाली धरायचे. एकदा एका कंडक्टरने वैतागून विचारलं होतं, "मामा, सरकारने पाडलंय. मी घरी नाही पाडलं." त्यावर मामांनी नाणं उलटून पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "सरकारचाही ठसा झिजलाय." कंडक्टरसकट बस हसली. मामा हसले नाहीत, कारण ते विनोद करतच नव्हते.

या सगळ्या परीक्षांचं एक माप होतं, आणि ते माप मामांच्या बनियनच्या आतल्या खिशात असे. त्यांच्या वडिलांनी दिलेली शिवराई. मामा पंधरा-सोळा वर्षांचे असताना मुंबईला निघाले तेव्हा वडिलांनी ती त्यांच्या हातावर ठेवली होती. विहीर खणताना सापडली, ही शकुनाची आहे, जवळ ठेव, असं म्हणाले होते. एका बाजूला कड चावल्यासारखी तुटलेली, 'शिव'मधला 'व' अर्धा बाहेर गेलेला. पण साय अशी, की काळ्या चहासारखी वाटावी. मामांनी ती कधी धुतली नव्हती, पुसलीही नव्हती. अंगाच्या उबेने आणि घामाने ती अधिकच गडद झाली होती. दुसरं कुठलंही नाणं आलं की मामा आपली शिवराई काढून शेजारी ठेवायचे, आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघून निकाल द्यायचे. मला एकदा म्हणाले होते, "जावईबापू, माझं काही नाही हो यात. ही सांगते, मी नुसतं ऐकतो."

मग मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. वर्ष-दोन वर्षं त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. दरबारात "पुन्हा या" जास्त ऐकू यायला लागलं तेव्हा मामींना संशय आला. ऑपरेशन ठरलं. तेव्हा आठवडाभर इस्पितळात पडून राहावं लागायचं, आणि चष्मा महिना-दीड महिन्याने मिळायचा. इस्पितळात जाण्याच्या दिवशी मामांनी ती शिवराई मऊ सुती कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली. घरी त्यांचा मुलगा होता, पण त्याच्या हाती न देता माझ्या हाती दिली, कारण मी जावई. आमच्याकडे जावयाच्या हाती दिलेली वस्तू म्हणजे देवापुढे ठेवलेली वस्तू. तिची चौकशी करायची नसते आणि त्याच्यावर संशय घ्यायचा नसतो. फक्त एवढंच म्हणाले, "गुंडाळलेली असू दे. उघडूच नका."

मी घाटकोपरला राहत होतो आणि साकीनाक्याला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. बायको मामींच्या सोबतीला मुलुंडला गेली होती, म्हणून मी घरात एकटाच. वस्तू सांभाळायची तर देवघराइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही, असं मला वाटलं, आणि शिवराई आहे म्हटल्यावर ती कापडात कोंडून कशाला ठेवायची, असंही वाटलं. मी ती ताम्हनात ठेवली. रोज तिच्यावर फूल वाहत होतो. मामांच्या डोळ्यांसाठी. हे खोटं नाही.

दसरा आला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवाची उपकरणी घासायची. ते काम बायको करायची. या वेळी ती नव्हती, तर मी म्हटलं, आपण करू. तिच्या पद्धतीप्रमाणे मोठ्या पातेल्यात चिंच आणि मीठ कालवलं, आणि ताम्हन, पळी, पंचपात्र, तांब्या असं सगळं त्यात बुडवून कामावर गेलो. संध्याकाळी येऊन एकेक वस्तू काढून राखेने घासायला लागलो. माझं मन कुठे होतं कोण जाणे. तळाशी हाताला एक वाटोळं काहीतरी लागलं, तेही मी इतर वस्तूंसारखंच अंगठ्याने खसाखसा घासलं आणि पाण्याखाली धरलं. हातात नवजात मुलाच्या टाळूसारखं गुलाबी असं काहीतरी चमकत होतं. कड चावल्यासारखी तुटलेली, 'व' अर्धा. एवढं स्वच्छ अक्षर मी त्या नाण्यावर कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर मला ते सुंदरही वाटलं. मग आठवलं, ताम्हन बुडवताना मी त्यातली शिवराई काढलीच नव्हती.

त्याच दिवशी उठून मुलुंडला गेलो असतो आणि सांगितलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. मामांच्या डोळ्यांवर पट्टी होती, त्यांना धक्का बसेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं. लिंबाने घासलेली शिवराई आणणाऱ्या त्या गृहस्थाकडे मामांनी कसं पाहिलं होतं, ते मी पाहिलं होतं. तसं त्यांनी माझ्याकडे पाहावं हे मला सोसणार नव्हतं. पट्टी निघाली, तरी मी रोज एक दिवस पुढे ढकलत राहिलो. मग चष्मा तयार झाल्याचा निरोप आला.

साकीनाक्याला आमच्या कारखान्यामागे मुलामा चढवणाऱ्यांचे गाळे होते. त्यातला एक जण जुहूच्या हॉटेलांतल्या दुकानांसाठी तांब्या-पितळेच्या नव्या मूर्ती जुन्या करून द्यायचा. मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो. त्याने नाणं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "साहेब, दोन तासांत दोनशे वर्षं जुनं करून देतो. टेन्शन नका घेऊ." गंधकाचं कसलंसं पाणी, वर नवसागर, मग आचेवर शेक. संध्याकाळी त्याने ते फडक्यावर ठेवून दिलं तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. काळपट, तपकिरी, कडेला हिरवट. तो म्हणाला, "जुहूवाले पण असाच माल उचलतात. कोणाला समजत नाही." मी त्याचं ऐकलं. मी त्याला कोणासाठी करतोय ते सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहा वाजता मी ती सुती कापडात गुंडाळून मामांच्या हाती दिली. नव्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड होत्या आणि त्यामागे मामांचे डोळे केवढेतरी मोठे दिसत होते. ते लहान मुलासारखे खुशीत होते. समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून दाखवली, माझ्या कॉलरचा उसवलेला टाका दाखवला. मग त्यांनी कापड उघडलं. वजन घेतलं. टिचकी मारून ऐकलं. वास घेतला, आणि तिथे थोडं थांबले. मग उन्हात धरलं. मग नख 'श्री'च्या वळणावरून फिरवलं आणि नखाकडे पाहिलं.

"जावईबापू, इकडे या," ते म्हणाले. "हे बघा. साय सगळीकडे सारखी आहे. उंचावर तेवढीच, खोलात तेवढीच. नखाला भुकटी लागते. ही धरलेली नाही, चढवलेली आहे."

शब्द न् शब्द बरोबर होता. मला वाटलं, संपलं, आता ते माझ्याकडे वळून विचारतील. मी उत्तर द्यायला तयारही झालो होतो; तेवढं एक माझ्या बाजूने लिहितो. पण मामांनी पुन्हा कड पाहिली, अर्धा 'व' पाहिला. नाणं तेच होतं. आणि ते जावयाच्या घरून आलं होतं, म्हणजे तिथे काही झालं असणं शक्यच नव्हतं. मग उरलं काय? त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, पुन्हा लावला. म्हणाले, "इतकी वर्षं मला दिसलंच नाही. बाबांची म्हणून हिला कधी नख लावलं नाही, आणि पडदा होता ना डोळ्यांवर." मी घाईने म्हटलं की डॉक्टरांनी इतक्यात बारीक पाहायचं नाही म्हणून सांगितलंय. मामा म्हणाले, "उलट आत्ताच दिसायला लागलंय हो." मग स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले की खऱ्याला कोण कशाला रंगवेल? रंग चढवलाय म्हणजे आतलं नाणंच खोटं. बाबांकडे द्यायला काही नसणार. मुलगा मुंबईला निघालाय, रिकाम्या हाताने कसा धाडायचा, म्हणून कुडाळच्या बाजारातून काहीतरी आणून विहिरीत सापडलं म्हणाले असतील. "बाबांनी मन राखलं माझं," मामा म्हणाले आणि शिवराई मामींकडे दिली. "ही घे गो. ताम्हनात ठेव. आता व्हयी तितकी धू."

मामींनी दुसऱ्या दिवशी चिंच लावली आणि साकीनाक्याचा रंग एका हातात निघून गेला. मामांनी ते पाहिलं आणि मान डोलावली. खरी साय इतक्या सहज जात नाही, हे त्यांचं म्हणणं पक्कं झालं. खरी साय घालवायला दिवसभराची चिंच आणि राख लागली होती, हे त्या घरात कोणाला माहीत नव्हतं.

इथे थांबलं असतं तरी एक वेळ निभावलं असतं. पण मामांचा हिशेब सरळ होता. मापच खोटं, तर त्या मापाने दिलेला प्रत्येक निकाल खोटा. ज्यांना ज्यांना निकाल दिला त्यांच्या घरी जाऊन तो परत घ्यायला हवा. गॅलरीतला दरबार त्यांनी त्याच आठवड्यात बंद केला आणि आठवतील ती नावं लिहून काढली. ऑपरेशननंतर त्यांना एकट्याने बाहेर पडायची मनाई होती, रस्ता ओलांडताना अंतर कळत नसे. सोबत कोणी? मुलाला रविवारीही पाळी असायची. मामींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "डोळे बरे झाले आणि माणूस आंधळो झालो. तुम्ही जावा बरोबर."

अशा रीतीने मी त्या हिवाळ्यात मामांचा हात धरून घरोघर हिंडलो. मुलुंड, भांडुप, विक्रोळी. मामा दारात चप्पल काढायचे, बसायला सांगितलं तरी उभे राहायचे आणि म्हणायचे, "मी तुमचं नाणं खरं म्हणून सांगितलं होतं. माझ्या शब्दावर राहू नका. दुसऱ्या कोणाला दाखवा." लोकांना आधी काही कळायचंच नाही. बहुतेकांना नाणं कुठे ठेवलंय तेही आठवत नव्हतं. एका बाईंनी ते शोधायला अख्खं कपाट रिकामं केलं आणि शेवटी ते गॅसच्या शेगडीच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सापडलं. मामांनी वाकून पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं की तिथेच असू द्या, तिथे तरी उपयोग आहे. एका मास्तरांनी आपली शिवराई काचेच्या चौकटीत बसवून दरवर्षी वर्गात दाखवायला ठेवली होती. मामांनी त्यांना हात जोडले. मास्तर म्हणाले, "अहो मामा, मुलांना काय कळतंय त्यातलं?" मामा म्हणाले, "म्हणूनच." प्रत्येक घरी पोहे झाले, चहा झाला, आणि प्रत्येक घरी मामांनी माझी ओळख करून दिली. हे आमचे जावई, माझ्यासाठी रविवार मोडतात. मी पोहे खाल्ले. प्रत्येक घरी खाल्ले.

यादीत शेवटून दुसरं नाव बोरिवलीचं होतं. गिरणीतला मामांचा सगळ्यात जुना दोस्त, एका खोलीत दहा-बारा वर्षं राहिलेले दोघं. दोस्ताने कुठूनशी आणलेली शिवराई मामांनी ओतलेली ठरवली म्हणून त्यांचं बोलणं तुटलं होतं. दहा वर्षं झाली होती त्याला. दार दोस्ताने स्वतःच उघडलं. मामा म्हणाले, तुझं नाणं कदाचित खरं असेल, माझीच नजर खोटी होती, मला माफ कर. तो आपला विजय साजरा करील असं मला वाटलं. त्याने मामांना खांद्याला धरून खाटेवर बसवलं, आत गेला, नाणं घेऊन आला.

"तुझा बरोबर होता रे," तो म्हणाला. "तू गेल्यावर मी ता सोनाराक दाखवलंय. ओतलेलाच होता. माका तुझ्याकडे येऊन सांगूची लाज वाटली. दहा वर्सां लाज वाटली, मेल्या."

मामा त्याच्याकडे मायेने बघून हसले. म्हणाले, "माका बरा वाटूचा म्हणान सांगतस." दोस्ताने शपथ घेतली, सोनाराचं नाव सांगितलं. मामांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि विषय बदलला. त्यांना पटलंच नाही. दोघं म्हातारे मग जेवायला बसले, तिसऱ्या कुणाच्या तरी आठवणींवर हसले, आणि निघताना दोस्ताने मला जिन्यात गाठून विचारलं, "काय झाला काय ह्येका? कोणी सांगितल्यान की नजर खोटी?" मी म्हटलं, वय झालं. दहा वर्षांनी का होईना, त्या माणसाने तोंड उघडलं होतं. मी त्याच्यासमोर उभा राहून वय झालं म्हणालो.

यादीतलं शेवटचं नाव माझं होतं. आमच्या लग्नानंतर मी माझ्या आईच्या पेटीतली एक शिवराई मामांना दाखवली होती आणि त्यांनी "पाडलेलं" म्हटलं होतं. मी ते विसरूनही गेलो होतो. मामा मामींना घेऊन घाटकोपरला आले. बायकोने पाट मांडला, पण मामा दारातच उभे. एवढा मोठा माणूस, माझा मामासासरा, आणि त्याने माझ्यापुढे हात जोडले. माझी बायको मागे उभी होती. तिला रडू येत होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती, की मी काहीतरी चांगलं बोलावं.

मी म्हटलं, "मामा, तुमची शिवराई खरी आहे."

मामांनी मान वर केली. त्या जाड काचांमागे त्यांचे डोळे क्षणभर पूर्वीसारखे झाले. त्यांनी विचारलं, "कशावरून म्हणता?"

मला माहीत होतं कशावरून ते. त्या घरात फक्त मलाच माहीत होतं. मी म्हटलं, "असं आपलं वाटतं मला."

मामा हळूच हसले. म्हणाले, "वाटण्यावर नाणं ठरत नाही, जावईबापू." मग पाटावर बसले आणि चहा घेतला.

त्यानंतर ते वर्षभर होते. भिंग बटणावरून सुटलं आणि ड्रॉवरमध्ये गेलं. कोणाच्या शर्टाकडे त्यांनी पाहिलं नाही. कंडक्टरने हातावर टेकवलेलं सुटं तसंच खिशात टाकायचे. मामी म्हणायच्या, माणूस आता किती निवांत झालाय, पूर्वी जेवतानासुद्धा ताटाची कड तपासायचा. मी दर पंधरवड्याला मुलुंडला जात होतो, आणि स्टेशनपासून इमारतीपर्यंत चालताना एकच वाक्य मनात घोकत होतो. मामा, शिवराई मी धुतली, रंग मी चढवला, आणि तुम्ही तो पहिल्या नजरेत ओळखलात. त्या दिवशी तुमची नजर जेवढी खरी होती तेवढी आयुष्यात कधी नव्हती. तुमचे बाबा खोटं बोलले नव्हते. मला क्षमा करा. जिन्याच्या पहिल्या मजल्यापर्यंत ते वाक्य तोंडपाठ असायचं. दुसऱ्या मजल्यावर मामी दार उघडायच्या.

शेवटचा गेलो तेव्हा मामा अंथरुणावर होते. मामी दुधाला गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मामांनी हात पुढे केला, मी तो धरला. ते म्हणाले, "बोला." त्यांना काय कळलं होतं, काही कळलं होतं का, मला माहीत नाही. मी म्हटलं, "मामा, साकीनाक्याला..." आणि थांबलो.

"काय झालं साकीनाक्याला?"

"रस्ता खणून ठेवलाय सगळा," मी म्हटलं. "बस अडकली. यायला उशीर झाला, माफ करा."

"असू दे हो," मामा म्हणाले. "त्यात काय एवढं."